लोखंडाचा जोड : गाडीच्या धावेपासून बॉयलरपर्यंत



बडनेरा म्हटले की गाडी बदलणे आठवते. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग इथून जातो, अमरावतीची लहानशी शाखा इथूनच फुटते, आणि वऱ्हाडातल्या पुष्कळ माणसांनी आपल्या आयुष्यातले कितीतरी तास ह्या स्टेशनच्या बाकांवर बसून घालवले आहेत. मी मात्र आज तुम्हांला स्टेशनवर न नेता गावातल्या एका लोहाराच्या भात्यापाशी नेणार आहे. मी इतिहासाचा शिक्षक. माझा आणि लोखंड तापवण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. म्हणून आधी तेच सांगतो.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. कापसाचे दिवस होते. मामांची गाडी कापसाने गच्च भरून अमरावतीच्या बाजाराला निघाली होती आणि मी मामांच्या शेजारी बसलो होतो. वाटेत एकदम ठण्ण असा आवाज झाला. डाव्या चाकाची धाव तुटून रस्त्यावर पडली. धाव म्हणजे लाकडी चाकाच्या कडेवर चढवलेला लोखंडी पट्टा, हे खेड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगितले. धाव गेली की चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे, ज्यांना आपण पुट्ठे म्हणतो, ते मोकळे होतात आणि आरे निखळतात. पन्नास पावलांत चाक बसले, गाडी कलंडली, आणि जुवाखाली अडकलेल्या एका बैलाचा पुढचा पाय कायमचा अधू झाला. मामांनी तो बैल विकला नाही, पण पुन्हा जुंपलाही नाही. ती धाव बसवून महिनाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा तुटलेली धाव घेऊन बडनेऱ्याच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेले. धाव त्याने बसवलेली नव्हती, तरी मामांचा राग त्याच्यासमोरच निघाला. “लोखंडच खोटं दिलं बुवा!” म्हाताऱ्याने तुटलेली दोन्ही टोके उजेडात धरली आणि म्हणाला, “लोखंडाले काहून बोल लावता पाटील? लोखंड कुठं तुटलं? जोड सुटला. वरतून जुळल्यावानी दिसते, पन मंधात खपली राह्यली.” मीही वाकून पाहिले. टोकांच्या कडा चकचकीत होत्या आणि मधला सगळा भाग काळपट, निस्तेज होता. म्हणजे कडेकडेने लोखंड लोखंडाला खरोखर भिडले होते. मध्ये नुसते भिडल्याचे सोंग होते.

लोखंड तापून पांढरे झाले की मऊ होते, आणि दोन तापलेली टोके एकमेकांवर ठेवून घाव घातले तर ती एकजीव होतात. ह्यात डाख नाही, खिळा नाही. पण तापलेल्या लोखंडाला हवा लागताच त्यावर काळी खपली धरते, आणि खपलीला खपली कधी जुळत नाही. म्हणून लोहार तापलेल्या टोकांवर वाळू टाकतो. वाळू त्या खपलीबरोबर वितळून काचेसारखी पातळ होते. मग पहिला घाव मध्यावर घालायचा आणि तिथून कडेकडे जायचे, म्हणजे ही पातळ मळी बाहेर उडते. घाई करून आधी कडा मिटवल्या तर मळी आत कोंडते, आणि जोड वरून सुरेख दिसतो! मामांच्या धावेचे नेमके हेच झाले होते.

आणखी एक गोष्ट. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४७० सेंटिमीटर भरतो. त्यावरची धाव मुद्दाम थोडी लहान करतात. ती ५०० अंशांपर्यंत तापवली की तिचा घेर सुमारे तीन सेंटिमीटरने वाढतो, तेवढ्यात ती चाकावर चढवतात आणि वर पाणी ओततात. फुसफुस वाफ निघते, लाकूड करकरते, पुट्ठे आणि आरे एकमेकांत आवळून बसतात. धावेला आक्रसून पहिल्याइतके लहान व्हायचे असते, चाक तिला होऊ देत नाही. त्यामुळे धाव जन्मभर ताणलेली राहते. गाडी रिकामी उभी असली तरी तिच्या जोडावर ताण असतोच. कापसाचे ओझे ही नंतरची गोष्ट.

पुढे कॉलेजात शिकवू लागलो, विद्यार्थ्यांना घेऊन किल्ले हिंडू लागलो, तेव्हा हा म्हातारा लोहार मला तिथे पुन्हा भेटला. प्रत्यक्षात नव्हे, त्याच्या पूर्वजांचे काम भेटले.

आपल्या उत्तरेला सातपुड्याच्या धारेवर दोन नामांकित किल्ले आहेत, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि अकोटच्या बाजूचा नरनाळा. फरिश्ता ह्या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे अहमदशहा वली बहमनीने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली. दोन्ही गडांवर तोफा आहेत. नरनाळ्याची नऊगजी तर तिच्या लांबीमुळेच नावाजलेली. महाराष्ट्रात कोणत्याही गडावर जा, वाटाड्या तोफेवर थाप मारून “पंचधातूची आहे” असे सांगतो. मी शिक्षकमित्रांना सुचवीन की सहलीला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवावे. पंचधातूच्या पुष्कळशा तोफांना ते चटकन चिकटते! आणि मग त्या तोफेचे अंग नीट न्याहाळावे. सबंध नळी गुळगुळीत ओतलेली आहे, की हातभर बांगड्या घातल्यासारखी एकाशेजारी एक कडी दिसतात?

अशा कड्यांच्या तोफांचे मोठे नमुने पाहायचे तर विजापूरला जावे. तिथे १५८३ च्या सुमारास बांधलेल्या हैदर बुरुजावर लमछडी नावाची तोफ आहे, लांबी ३० फूट ८ इंच आणि तोंडाचा व्यास १२ इंच. विजापुरातच लांडा कसाब ही आखूड पण दांडगी तोफ आहे. पुढे जिथे भोसल्यांनी राज्य केले त्या तंजावरला नायकांच्या काळातली अशीच एक प्रचंड तोफ आहे, कानपूरच्या आय.आय.टी.तले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम ह्यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. ह्या तोफा ओतलेल्या नाहीत, घडवलेल्या आहेत. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या लावून आधी नळी करायची, पिंपाच्या फळ्या लावतात तशी. मग तिच्यावर तापवलेली कडी एकामागून एक चढवून ठोकायची. पहिल्या थराच्या कड्यांमधल्या फटींवर दुसऱ्या थराची कडी येतील अशी. कडे निवते, आक्रसते आणि आतल्या पट्ट्यांना आवळून धरते. ही आपली धावच नाही का?

आता विचार करा, तोफ फुटते ती कशी? हे कळायला तोफ पाहायला हवी असे नाही. शेतातल्या मोटारीचा पाइप फुटलेला तुम्ही पाहिला असेल. तो कधी काकडीसारखा आडवा तुटतो का? तो लांबीत चिरतो. दर वेळी लांबीतच. माझ्या भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी ह्याचे गणित मला फळ्यावर मांडून दाखवले. ते इतके सोपे आहे की शाळेत सांगता येईल. नळीचा आतला व्यास १० सेंटिमीटर धरा, जाडी १ सेंटिमीटर, आणि आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो. नळीचा फक्त एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेतला, तर त्याची दोन अर्धी वर्तुळे एकमेकांपासून दूर ढकलणारा जोर झाला १० गुणिले १००, म्हणजे १००० किलो. तो पेलायला दोन बाजूंचे मिळून २ चौरस सेंटिमीटर लोखंड आहे. ताण आला ५००. आता नळी आडवी तुटण्याचा विचार करा. टोकाच्या तबकडीचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, त्यावरचा जोर ७८५० किलो. पण तो पेलायला सबंध घेराचे, सुमारे साडेएकतीस चौरस सेंटिमीटर लोखंड आहे. ताण आला २५०. म्हणजे घेराच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या दुप्पट.

हे एकदा ध्यानात आले की कड्यांच्या तोफेचे मर्म उलगडते. आतल्या उभ्या पट्ट्यांवर फारसा भार नसतो. त्या फक्त नळीचा आकार देतात आणि ज्वाळा अडवतात. खरा भार कड्यांवर. आता कड्यालाही एक जोड असतोच, कारण तेही पट्टा वाकवून टोके जुळवून केलेले असते. पण शंभर कड्यांचे शंभर जोड फिरते ठेवता येतात, एकाच रेषेत येऊ द्यावे लागत नाहीत. एकाच्या पोटात खपली राहिली असेल तर शेजारची कडी त्याला सांभाळून घेतात. याउलट एकच रुंद पत्रा गुंडाळून नळी केली असती, तर तिचा सगळा कमजोरपणा तोंडापासून बुडापर्यंत एका रेषेत आला असता, आणि तीही नेमकी दुप्पट ताणाच्या वाटेवर.

त्या लोहारांनी हे गणित केले होते असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ ही भाषाही मला आवडत नाही. हीच रीत युरोपातही होती. स्कॉटलंडच्या एडिंबरोच्या किल्ल्यावर मॉन्स मेग नावाची पट्ट्या-कड्यांची तोफ आहे, १४४९ साली घडवलेली; ती १६८० च्या सुमारास सलामी देताना फुटली आणि तिची कडी जिथे उघडली ती जागा आजही दिसते. फरक पडला तो भट्टीमुळे. युरोपात मोठ्या झोतभट्ट्या आल्या, लोखंड पाण्यासारखे पातळ करून ओतता येऊ लागले आणि कड्यांच्या तोफा मागे पडल्या. आपल्याकडच्या लहान भट्ट्यांतून लोखंडाचा लगदा निघे, मुठीएवढा नाहीतर डोक्याएवढा गोळा. मोठी वस्तू करायची तर असे गोळे ठोकून जोडणे हा एकच मार्ग होता. दिल्लीचा सहा टनांहून जड लोहस्तंभ सोळा शतकांपूर्वी ह्याच रीतीने झाला. ओतीव तोफा आपल्याकडे नव्हत्या असे नव्हे. विजापूरची मुलूख-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला एका रूमी कारागिराने काशाची ओतली. तिला जोडच नाही. पण तांबे आणि कथील विकत आणावे लागे आणि लोखंड घरचे होते. गरिबीने शिकवलेली विद्या असे हवे तर म्हणा.

मजा अशी की एकोणिसाव्या शतकात तोफांत जास्त दारू भरायची वेळ आली, तेव्हा इंग्लंडातला विल्यम आर्मस्ट्राँग पुन्हा कड्यांकडेच वळला. १८५५ साली त्याने लोखंडी पट्टा वेटोळ्यासारखा गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या नळ्या एकीवर एक तापवून चढवल्या. जाड भिंतीच्या नळीत आतला थर सगळ्यांत जास्त ताणला जातो आणि बाहेरचा नुसता पाहत उभा असतो. बाहेरचा थर आधीच आवळून बसवला तर तो आतल्याला दाबून धरतो, आणि दोघे भार वाटून घेतात. पुढे तोफांचे गणित ह्याच वाटेने गेले.

गाविलगडाला मात्र त्याच्या तोफा वाचवू शकल्या नाहीत. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली. नंतर कर्नल स्टीव्हन्सनने जड तोफा सातपुड्याच्या डोंगरवाटांनी ओढत गडाच्या उत्तरेला नेल्या, दोनतीन दिवसांच्या माऱ्यात तटाला खिंडार पडले, आणि १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजा आत शिरल्या. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांचे वऱ्हाडही गेले. तोफा आहेत तिथेच राहिल्या.

त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी लोखंड वऱ्हाडात पुन्हा आले, ते वेगळ्या रूपाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ च्या फेब्रुवारीत बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावची आणि १८७१ मध्ये बडनेरा ते अमरावती ही शाखा सुरू झाली, कापसाच्या गठाणी थेट बाजारातून उचलण्यासाठीच. पाठोपाठ जिनिंग, प्रेस आल्या, बडनेऱ्याला सूतगिरणी निघाली. ह्या प्रत्येकीच्या आवारात एक उंच धुराडे आणि धुराड्याच्या पायथ्याशी एक बॉयलर असे. धुराडी सगळ्यांनी पाहिली, चित्रांतही आली. बॉयलर कोणी पाहिला?

बॉयलर म्हणजे तोफच, फक्त ती फुटू नये अशी अपेक्षा. तोफेत दाब क्षणभर येतो, बॉयलरमध्ये तो दिवसभर असतो आणि रोज असतो. दोन मीटर व्यासाचा बॉयलर आणि दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो वाफेचा दाब घ्या. मघाचेच गणित लावले तर लांबीच्या दर एका सेंटिमीटरमागे त्याचे दोन अर्धे भाग १४०० किलोंच्या जोराने फाकत असतात. एका सेंटिमीटरला एक भरलेली बैलगाडी, असे समजा. आणि हा बॉयलर नळीसारखा अखंड नसतो. पत्रे रुळांतून वाकवून, त्यांच्या कडा एकमेकींवर चढवून, भोके पाडून, त्यांत लालबुंद रिव्हेट ठोकून तो शिवलेला असतो. कारखान्यातली माणसे त्याला रिबिट म्हणतात.

शिवलेल्या पत्र्याची ताकद किती? भोके पाडली की तेवढे लोखंड कमी झालेच. टपालाची तिकिटे आपण छिद्रांच्या रेषेवरच फाडतो. १८३८ च्या सुमारास विल्यम फेअरबर्न ह्या इंग्लंडातल्या कारखानदाराने असे जोड ओढून तोडून पाहिले. अखंड पत्र्याची ताकद १०० धरली तर दुहेरी रिव्हेटांच्या जोडाची ७० आणि एकेरीची ५६ भरली. म्हणजे जाड पत्रा घेऊन जो निश्चिंत झाला तो फसला. बॉयलरची ताकद पत्र्याएवढी नव्हे, शिवणीएवढी. म्हणून जाणते कारागीर उभ्या शिवणीला, म्हणजे दुप्पट ताणाच्या शिवणीला, दुहेरी-तिहेरी रिव्हेट लावत आणि आडव्या शिवणीला एकेरी चालवून घेत. शिवाय बॉयलरची नळी लहान लहान वळ्यांनी करत आणि एका वळ्याची उभी शिवण शेजारच्या वळ्याच्या शिवणीपुढे येऊ देत नसत. विजापूरच्या तोफेवरची कडी पुन्हा आठवतात की नाही?

पत्रा वाकवण्यातही एक खोच होती. त्या काळचे घडीव लोखंड थरांचे असे. लोखंडाच्या पट्ट्या रचून, तापवून, लाटून पत्रा करत. त्यामुळे त्याच्या पोटात मळीचे बारीक धागे लाटण्याच्या दिशेने पसरलेले राहत. पत्रा वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली चेपली जाते, मधला थर तेवढा तटस्थ राहतो. हा ताण धाग्यांच्या दिशेने आला तर पत्रा सहन करतो. धाग्यांना आडवा आला तर ते थर सुटतात, बांबू चिरावा तसे. म्हणून पत्र्याचे धागे घेराच्या दिशेने ठेवायचे अशी कारखान्यांची रीत होती. पुढे पोलाद आले आणि धाग्यांची भानगड बरीच कमी झाली. त्या पोलादाच्या कथेत विदर्भाचाही थोडा हात आहे. टाटांचे लोक खनिजाच्या शोधात प्रथम चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला आले होते; तिथे काम जमले नाही, पण नागपूरच्या संग्रहालयातला एक भूगर्भाचा नकाशा पाहून दोराबजी टाटांना पुढची दिशा मिळाली. शोधासाठी आणलेल्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाचे आडनाव होते वेल्ड! असो.

बॉयलरच्या जोडातला सगळ्यांत लबाड दोष कळायला मात्र माणसांचे जीव जावे लागले. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवली की दोघांची ओढ एका रेषेत राहत नाही. दाब वाढला की जोड किंचित तिरपा होतो, उतरला की परत येतो. रोज सकाळी वाकायचे, रोज संध्याकाळी सरळ व्हायचे. तार पुन्हापुन्हा वाकवून आपण तोडतो तसेच हे. ह्या वाकण्याने वरच्या पत्र्याच्या आड, जिथे तपासनिसाची नजर पोचत नाही तिथे, केसासारखी भेग पडते. २० मार्च १९०५ ला अमेरिकेत ब्रॉक्टन गावच्या एका बुटांच्या कारखान्यात असाच एक बॉयलर फुटून छपरातून बाहेर उडाला. ५८ माणसे मेली. त्यानंतर तिथे बॉयलरचे कडक नियम झाले आणि कडांवर कडा चढवण्याऐवजी पत्रे समोरासमोर भिडवून दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावण्याची रीत सक्तीची होत गेली. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा शंभर वर्षे चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा केला. जिनात काम करणाऱ्या बाईमाणसांना ह्या कायद्याचे नावही ठाऊक नसेल. भिंतीपलीकडच्या त्या शिवणीवर त्यांचा जीव टांगलेला असे, एवढे खरे.

विसाव्या शतकात विजेच्या ठिणगीने पत्रे वितळवून जोडणे आले. आज गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत ते चालते. छिद्रे नकोत, रिव्हेट नकोत, चढवलेल्या कडा नकोत. चांगले वेल्डिंग पत्र्याच्या बरोबरीची ताकद देते. मग प्रश्न मिटला का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगने धडाधड जहाजे बांधली. लिबर्टी नावाची मालवाहू जहाजेच २७०० च्या वर झाली. १६ जानेवारी १९४३ च्या थंडीच्या रात्री शेनेक्टडी नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मधोमध तडकून जवळजवळ दोन तुकडे झाले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषीने दाखवून दिले की ते पोलाद थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. पण ठिसूळ पोलाद आधीच्या जहाजांतही असेल. ती अशी का तुटली नाहीत? कारण रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्याला गेलेली भेग त्या पत्र्याच्या कडेला येऊन थांबते. पुढचा पत्रा वेगळा असतो. वेल्डिंगने सगळे जहाजच एक पत्रा झाले, आणि भेगेला बांधच उरला नाही. शेवटी काय केले, तर वेल्डिंगच्या जहाजांत मध्ये मध्ये मुद्दाम रिव्हेटचे पट्टे घातले. तोडातोडीची जुनी रीत भेग अडवायला उपयोगी पडली.

एकजीव असणे नेहमीच बरे असे नाही, हे आपल्या मालमोटारीच्या कमानी पाट्यांवरूनही दिसते. एकावर एक रचलेले ते पाटे बांधलेले असतात, पण जोडलेले नसतात. घरी करून पाहायचे असेल तर वही वाकवा. पाने एकमेकांवरून घसरतात, कडेला पायऱ्या दिसतात आणि वही सहज वाकते. तीच पाने डिंकाने चिकटवली तर पुठ्ठा होतो. गणित असे की चार सारखे पाटे मोकळे ठेवले तर त्यांचा ताठपणा चौपट होतो आणि वितळवून एक केले तर चौसष्टपट. म्हणजे मोकळ्यापेक्षा सोळापट. जिथे धक्का पोटात घ्यायचा आहे तिथे घसरणारे थर हवेत, जिथे हलायचेच नाही तिथे जुळलेले. कुऱ्हाडीच्या पात्यात लोहार पोलादाची जीभ घालतो, ती मात्र अंगाच्या मऊ लोखंडाशी पुरती जुळलेली हवी. नाहीतर पाणी देताना, म्हणजे तापवून पाण्यात बुडवताना, पोलाद आणि लोखंड वेगवेगळे आक्रसतात आणि जीभ पहिल्याच घावाला सुटून येते.

बडनेऱ्यावरून जुन्या काळी जाणारे चार चाकांचे मालडबे रिव्हेटांचे होते आणि त्यांच्याखाली असेच पाटे असत. आताचे लांब डबे वेल्डिंगचे आहेत, खाली वेटोळ्यांच्या कमानी आहेत. इथे रेल्वेने मालडब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना उभारला आहे. तिथे येणाऱ्या डब्यांत भेग शोधायची तर आधी जोड तपासावे लागतात.

त्या म्हाताऱ्या लोहाराकडे परत येतो. त्याने मामांना नवी धाव करून दिली ती मी समोर उभा राहून पाहिली. पहिला घाव मध्यावर पडला आणि पांढऱ्या मळीच्या ठिणग्या माझ्या पायापर्यंत उडाल्या. धाव चाकावर चढवताना त्याने जोड एका पुट्ठ्याच्या मधोमध आणला. दोन पुट्ठे जिथे भेटतात तिथे येऊ दिला नाही. मामांनी विचारले, “आतून जुळला, हे कसं समजाचं?” म्हाताऱ्याने चाकावर चढवण्याआधीच धाव दोरीला टांगून हातोडीने ठोकून दाखवली होती. ती बराच वेळ वाजत राहिली होती. मग त्याने मामांची तुटकी धाव उचलून, तिच्या दुसऱ्या एका जुन्या जोडाजवळ ठोकली. थप्प असा आवाज आला. “ह्याईत बी खपली हाय,” तो म्हणाला. “इथून सुटली नसती, तं तिथून सुटली असती.”

नव्या धावेची गाडी मामांनी पुढे बारा-तेरा वर्षे चालवली. नंतर रबरी टायरची गाडी आली. ती धाव अजून मामांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. चाक कधीच जळणात गेले. घरातली पोरे तिला दगडाने ठोकतात आणि ती घंटेसारखी वाजते.